सिग्नल प्रोसेसिंगच्या कोडचा रिव्ह्यू करताना या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या मोटारींच्या व्हायब्रेशनचा डेटा आमच्या लायब्ररीतून गाळून पुढे जातो. मागे एक पीआर, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, मी नुसता डिफ (बदललेल्या ओळी) वाचून अप्रूव्ह केला. कोड नीटनेटका, सगळ्या टेस्ट हिरव्या. त्यात कटऑफला (ज्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी फिल्टर गाळतो ती हद्द) सॅम्पलिंग रेटच्या (सेकंदाला किती सॅम्पल घेतले त्याच्या) निम्म्याने भागायचं सोडून पूर्ण रेटने भागलं होतं. रेट १००० हर्ट्झ, कटऑफ हवा होता ६०, प्रत्यक्षात झाला ३०.

मोटार १४४० आरपीएमची, म्हणजे २४ हर्ट्झ. त्या फ्रिक्वेन्सीचा पीक (ग्राफमधलं टोक) जागेवर होता, ग्राफ तर आधीपेक्षा स्वच्छ दिसत होता. पण शाफ्टची अलाइनमेंट (सरळ रेषेत असणं) बिघडली की दुप्पट फ्रिक्वेन्सीवर, ४८ हर्ट्झला, जो पीक वाढतो, तो चौथ्या ऑर्डरच्या बटरवर्थ फिल्टरमधून (ऑर्डर जास्त, तितकी गाळणी तीव्र) एक षष्ठांशाहूनही कमी उरला. सेन्सर ज्यासाठी बसवला, नेमकं तेच गाळलं गेलं. एरर मात्र कुठेच आली नाही.

तेव्हापासून फिल्टरला हात लागला की मी २४ आणि ४८ हर्ट्झच्या साइन वेव्ह एकत्र करून कोडच्या जुन्या आणि नव्या ब्रँचमधून काढतो आणि दोन्हींचे अँप्लिट्यूड शेजारी ठेवून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे, कृपया टाळू नका. याची उलटी चूकही होते. साइपाय या पायथन लायब्ररीतल्या, बटरवर्थ फिल्टर बनवणाऱ्या बटर फंक्शनला सॅम्पलिंग रेट दिला की कटऑफ हर्ट्झमध्येच द्यायचा असतो. आधीच भागलेला दिला तर ६० चा ०.१२ हर्ट्झ होतो. ही चूक निदान लगेच दिसते, कारण आउटपुट जवळपास सपाट होतं.

ऑर्डर जास्त आणि कटऑफ अगदी खाली असेल, तर न्यूमरेटर-डिनॉमिनेटरचे कोइफिशंट नकोत, एसओएस (फिल्टर दुसऱ्या ऑर्डरच्या छोट्या तुकड्यांत मांडणं) मागा. त्या कोइफिशंटमधल्या राउंडिंगच्या चुकीने फिल्टर अस्थिर होऊ शकतो. लाइव्ह डेटाच्या कोडमध्ये फिल्टफिल्ट (सिग्नल एकदा पुढून, एकदा मागून गाळणारं फंक्शन) दिसलं तर तिथेच थांबवा, त्याला पुढचे सॅम्पलही लागतात. आणि लाल टेस्ट हिरवी करायला कुणी टॉलरन्स (टेस्टमध्ये चालणारा फरक) वाढवला असेल, तर कारण लिहून घेतल्याशिवाय मर्ज करू नका.

ग्राफमध्ये ठरावीक अंतराने टोकं येत असतील, तर आधी ब्लॉकच्या सीमा तपासा. एकच सिग्नल एकदा सलग आणि एकदा २५६-२५६ सॅम्पलच्या तुकड्यांत फिल्टर करा. उत्तरं जुळली नाहीत, तर बहुतेक वेळा मागच्या ब्लॉकची स्टेट (फिल्टरने लक्षात ठेवलेली मूल्यं) पुढच्या ब्लॉकला दिलेली नसते.