पूर्ण बिल्ड लावण्याआधी: एक तयारीची यादी

रोजचा बिल्ड फक्त बदललेल्या फाइली कंपाइल करतो; पूर्ण बिल्ड म्हणजे जुनं आउटपुट न वापरता सगळं पहिल्यापासून कंपाइल करणं. तो लावायचा असेल तर सगळ्यात आधी, काहीही पुसू नका. बिल्डमधून निघालेला प्रोग्रॅम विचित्र वागतोय, सोर्समध्ये चूक दिसत नाही, आणि टीममधलं कोणीतरी म्हणतं, "क्लीन मारून बघ." क्लीन मारला, म्हणजे आधीच्या बिल्डचं आउटपुट पुसलं, की बऱ्याचदा सगळं सुरळीत होतं. पण जी शिळी ऑब्जेक्ट फाइल (सोर्स कंपाइल होऊन बनलेली, पण नंतरच्या बदलानंतर पुन्हा न बनलेली) घोटाळा करत होती, तीही त्याच क्षणी नाहीशी होते. ती शिळी का राहिली, हे मग कधीच कळत नाही, आणि काही दिवसांनी तेच दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. म्हणून पुसण्याच्या आधी टूललाच विचारून घ्या. मेक हे बिल्ड टूल असेल तर 'एन' पर्यायाने ड्राय रन घ्या, म्हणजे तो काय चालवणार आणि काय सोडणार ते दिसतं. 'ट्रेस' लावला तर कोणतं टार्गेट कशामुळे पुन्हा बनतंय तेही तो सांगतो. निंजा आणि ग्रेडल हीही अशीच बिल्ड टूल: निंजाला 'डी एक्स्प्लेन', ग्रेडलला 'इन्फो'. जी फाइल पुन्हा कंपाइल व्हायला हवी होती आणि यादीत आलीच नाही, तिचं नाव टिपून ठेवा.

त्यानंतर बिल्डच्या फोल्डरचं नाव बदला. कॉपी करायची असेल तर फाइलींच्या वेळा राखणारी करा, कारण साध्या कॉपीने टाइमस्टॅम्प नवे होतात आणि पुरावा बाद होतो. नाव बदलण्याचा आणखी एक फायदा आहे: मूळ जागा मोकळी होते, आणि नवा बिल्ड त्याच पत्त्यावर चालवता येतो. याचा उपयोग शेवटी होणार आहे. सोबत एका टेक्स्ट फाइलमध्ये कमिटचा क्रमांक, एजंटचं (बिल्ड चालवणाऱ्या मशीनचं) नाव, कंपायलरची आवृत्ती आणि त्याला दिलेले फ्लॅग, म्हणजे पर्याय, लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता कारण ठरवा. पूर्ण बिल्ड कशासाठी हवाय हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. कंपायलर बदलला, फ्लॅग बदलले, रिलीज काढायची आहे, किंवा अमुक फाइल शिळी राहिल्याचा संशय आहे, ही कारणं मला पटतात. "रोज लावतो, सवय आहे" हे पटत नाही. रोज लावावा लागत असेल तर डिपेंडन्सी, म्हणजे कोणती फाइल कशावर अवलंबून आहे त्या नोंदी, कुठेतरी चुकीच्या लिहिल्या आहेत, आणि रोजचा क्लीन ते झाकतोय.

टूल फाइल सोडून देतं ते कशाच्या भरवशावर, हे डोक्यात स्पष्ट हवं. मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला, आणि त्याचा मूळ नियम आजही तोच आहे: ज्यापासून वस्तू बनते ती फाइल वस्तूपेक्षा नवी असेल तर वस्तू पुन्हा बनवायची, नाहीतर नाही. फाइलीत काय आहे हे तो बघतच नाही, फक्त वेळ बघतो. त्यामुळे फ्लॅग बदलले तरी त्याच्या दृष्टीने काहीच झालेलं नसतं. कंपायलर बदलला तरी तेच. निंजा मागच्या वेळची कमांड लिहून ठेवतो, म्हणून फ्लॅगचा बदल त्याच्या लक्षात येतो.

वेळ मागे गेली तर गंमत नाही, नुकसान आहे. गिट चेकआउट करताना बदललेल्या फाइलींना आत्ताची वेळ देतो, म्हणून जुन्या ब्रँचवर गेलं तरी मेक बरोबर वागतो. पण सोर्स टार फाइलीतून उलगडला, किंवा वेळा राखून दुसऱ्या मशीनवरून सिंक केला, तर मजकूर बदललेला आणि वेळ मात्र ऑब्जेक्ट फाइलीपेक्षा जुनी, असं होऊ शकतं. मेक शांतपणे पुढे जातो. नेटवर्कवरच्या डिस्कवर बिल्ड होत असेल तर सर्व्हर आणि एजंट यांची घड्याळं जुळतात का, हेही याच टप्प्यावर तपासा. लॉगमध्ये 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' ही ओळ असेल तर तिच्यापुढे मेक स्वतःच लिहितो की बिल्ड अपुरा असू शकतो. ही वॉर्निंग लोक वर्षानुवर्षं नजरेआड करतात. ती आधी घालवा, पूर्ण बिल्ड नंतर.

हेडरचं, म्हणजे अनेक सोर्स फाइली आत घेतात त्या सामायिक फाइलीचं, प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण सर्वांत वाईट चुका इथूनच येतात. समजा, एका हेडरमध्ये नोंदीचं स्ट्रक्ट, म्हणजे तिच्या रकान्यांची मांडणी, आहे: आधी ४ बाइटचा क्रमांक, मग ४ बाइटची नगसंख्या. कोणीतरी या दोघांच्या मधे ४ बाइटचा 'प्रकार' घातला. आता नगसंख्या चौथ्या ऑफसेटऐवजी (सुरुवातीपासून ४ बाइट सोडून) आठव्या ऑफसेटवर गेली. मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकच्या नियमांच्या फाइलीत, एका सोर्स फाइलीपुढे हे हेडर लिहायचं राहून गेलंय, म्हणून ती फाइल पुन्हा कंपाइल झाली नाही. बाकीचा प्रोग्रॅम नोंद नव्या पद्धतीने भरतो, आणि ही एक फाइल अजून चौथ्याच ऑफसेटवरून वाचते. नगसंख्या समजून ती 'प्रकार' उचलते. ऑब्जेक्ट फाइली जोडणारा लिंकर काहीही बोलत नाही, कारण तो नावं जुळवतो. स्ट्रक्टच्या आतली मांडणी त्याला दिसत नाही. क्रॅश झाला तर नशीब समजा, कारण क्रॅश निदान दिसतो. चुकीचा आकडा पुढे डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. जीसीसी किंवा क्लँग असेल तर 'एमएमडी' आणि 'एमपी' हे फ्लॅग लावून हेडरची यादी कंपायलरकडूनच बनवून घ्या आणि मेकफाइलमध्ये ती इन्क्लूड करा. हाताने लिहिलेली यादी टिकत नाही.

जावामध्ये हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. 'स्टॅटिक फायनल' म्हणून लिहिलेला साधा आकडा, उदाहरणार्थ मर्यादा ५०, तो वापरणाऱ्या प्रत्येक क्लासमध्ये कंपाइल होतानाच उतरवला जातो. मर्यादा २०० केली आणि अँट या बिल्ड टूलच्या जावासी (जावा कंपाइल करणाऱ्या) टास्कने बिल्ड केला, तर टास्क फक्त बदललेली फाइल कंपाइल करतो. बाकीच्या क्लासमध्ये ५० तसाच राहतो. आमच्याकडे एकदा हे घडलं तेव्हा आम्ही दोन दिवस कॉन्फिगरेशन शोधत होतो. सोर्समध्ये २०० दिसत होतं आणि कोणाचाही डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. शेवटी क्लास फाइल उलगडून पाहिली तेव्हा आतला ५० सापडला.

पुढचं काम कागदावरचं आहे. 'पूर्ण' म्हणजे काय काय, ते लिहा. जुनं आउटपुट जिथे जिथे राहू शकतं ती प्रत्येक जागा: बिल्ड फोल्डर, जनरेट केलेला कोड, प्रीकंपाइल्ड हेडर, एजंटवरची कंपायलर कॅश (आधी कंपाइल केलेल्याचा साठा), टीमची सामायिक रिमोट कॅश, डॉकरचे लेअर. यातली कोणती जागा रिकामी करायची आणि कोणती ठेवायची, हे त्या त्या नावापुढे लिहा. डाउनलोड केलेल्या लायब्ररी सहसा ठेवाव्यात, आणि त्यांच्या आवृत्त्या बांधलेल्या असाव्यात. नाहीतर एकाच बिल्डमध्ये दोन गोष्टी बदलतात, आणि फरक कशाने पडला ते सांगता येत नाही.

'क्लीन' टार्गेटवर पूर्ण विसंबू नका. मेकफाइलमधला क्लीन आजच्या यादीतल्या फाइली पुसतो. गेल्या आठवड्यात नाव बदललेल्या सोर्सची जुनी ऑब्जेक्ट फाइल त्याला माहीतच नसते. जावात काढून टाकलेल्या क्लासची क्लास फाइल अशीच मागे राहते आणि मुकाट्याने जार फाइलीत जाते. रिकाम्या फोल्डरमध्ये बिल्ड करणं हा खात्रीचा मार्ग. सोर्सच्या झाडातच आउटपुट पडत असेल तर 'गिट क्लीन' आहे, पण 'एक्स' पर्याय दिला की तो इग्नोर केलेल्या फाइलीही उडवतो. त्यांत एखाद्याची लोकल सेटिंग्ज किंवा किल्ल्या असू शकतात. आधी 'एन' लावून यादी वाचा, मगच 'एफ'. आत दुसरी गिट रेपॉझिटरी असेल तर 'एफ' दोनदा द्यावा लागतो.

स्क्रिप्टमधून फोल्डर पुसणार असाल तर एक गोष्ट न चुकता करा: व्हेरिएबल रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे. 'सेट -यू' लावा. व्हेरिएबल कुठेही सेट झालेलं नाही, आणि त्याच्यापुढचा स्लॅश तेवढा उरला, तर पुसणारा 'आरएम' रूटपासून सुरू होऊ शकतो. 'सेट -यू' हे थांबवतं. पण व्हेरिएबल सेट आहे आणि रिकामं आहे, हे त्याला चालतं, म्हणून रिकाम्या किमतीची तपासणी वेगळी लिहा.

टूलचे पर्याय पटकन सांगून टाकतो. मेकला कॅपिटल 'बी', म्हणजे 'ऑलवेज-मेक'. सीमेकला बिल्ड करताना 'क्लीन-फर्स्ट'. कॉन्फिगरेशनही नव्याने हवं असेल तर आवृत्ती ३.२४ पासून 'फ्रेश' आहे. मेव्हनला आधी 'क्लीन'. एमएसबिल्डला 'रीबिल्ड' टार्गेट, डॉटनेटच्या कमांडला 'नो-इन्क्रिमेंटल'. गो बिल्डला 'ए'. कार्गोला 'क्लीन'. ग्रेडलमध्ये जपून: बिल्ड कॅश चालू असेल तर क्लीननंतरही तयार आउटपुट कॅशमधून परत येतं, म्हणून 'रीरन-टास्क्स' आणि 'नो-बिल्ड-कॅश' लावा. बॅझेलचा 'एक्सपंज' लोकल आउटपुट साफ करतो, पण रिमोट कॅश तिथेच राहते. डॉकरला 'नो-कॅश' दिलं तरी बेस इमेज मशीनवरची जुनीच वापरली जाऊ शकते. ती नव्याने हवी असेल तर 'पुल' वेगळं सांगावं लागतं.

सीकॅश ही कंपायलर कॅश वापरत असाल आणि एजंट सामायिक असेल तर कॅपिटल 'सी' देऊन सगळी कॅश पुसू नका. तुमच्या एका बिल्डसाठी बाकीच्या सगळ्यांचे बिल्ड मंदावतील. 'सीकॅश_रीकॅश' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा: तो जुनं उत्तर वाचत नाही, खरोखर कंपाइल करतो आणि नवं उत्तर कॅशमध्ये ठेवतो.

ऑटोमेशनमध्ये हे सगळं एका वेगळ्या पॅरामीटरमागे ठेवा. मुळात बंद, आणि चालू करताना कारण लिहायला एक रकाना. कोणी लावला, का लावला, ते लॉगच्या पहिल्या ओळीत यावं. मुख्य स्क्रिप्टमध्ये घाईघाईत क्लीन घालून कमिट केला की तो तिथेच मुरतो, आणि वर्षभराने तो का आहे हे कोणालाच सांगता येत नाही. टाइमआउट वाढवा. डिस्कवर जागा बघा, कारण नाव बदललेलं जुनं फोल्डरही तिथेच आहे. त्याच वर्कस्पेसवर दुसरा जॉब चालत नाही ना, तेही बघा.

पहिलाच पूर्ण बिल्ड फुटला तर घाबरू नका. ती बहुधा आधीपासूनची चूक आहे. स्क्रिप्टने जनरेट होणारं हेडर रोजच्या बिल्डमध्ये आधीपासून तिथे असतं, म्हणून कोणाला काही जाणवत नाही. रिकाम्या फोल्डरमध्ये 'जे' लावून आठ कामं एकदम सुटली की हेडर बनायच्या आधीच ते वापरणारी फाइल कंपाइलला जाते. डिपेंडन्सी लिहा, 'जे १' करून वेळ मारून नेऊ नका. जीएनयू मेक ४.४ मध्ये 'शफल' हा पर्याय आलाय. तो कामांचा क्रम मुद्दाम बदलतो आणि अशा जागा लवकर उघड्या पाडतो.

सुरू करण्याआधी शेवटची तयारी म्हणजे पुराव्याची सोय. 'टच'ने एक खुणेची रिकामी फाइल बनवा. बिल्ड संपल्यावर 'फाइंड'ला सांगा की या खुणेपेक्षा नव्या नसलेल्या ऑब्जेक्ट फाइली दाखव. एकही यायला नको. पण एवढ्यावर थांबू नका, कारण कॅशमधून आलेली फाइलही ताजी वेळ घेऊन येते आणि या चाचणीत पास होते. म्हणून सीकॅशचे आकडे आधी शून्यावर आणा आणि नंतर हिट, म्हणजे कॅशमधून मिळालेली उत्तरं, शून्यच आहेत ना ते बघा. ग्रेडलच्या लॉगमध्ये कंपाइलच्या टास्कपुढे 'फ्रॉम-कॅश' किंवा 'अप-टू-डेट' दिसता कामा नये. आणि मोजा: कंपाइल व्हायला हव्या त्या सोर्स फाइली किती, लॉगमधल्या कंपाइलच्या कमांड किती. एकाचाही फरक असेल तर ती फाइल शोधा.

आता बाजूला ठेवलेलं फोल्डर उघडा. जुन्या आणि नव्या ऑब्जेक्ट फाइलींचे चेकसम काढून जुळवा. सोर्स, कंपायलर आणि फ्लॅग तेच असतील तर जी फाइल वेगळी निघेल तीच शिळी होती. हे जमण्यासाठी कंपाइल दर वेळी तंतोतंत सारखं व्हायला हवं. डीबग माहितीत फोल्डरचा पत्ता जातो, म्हणूनच बिल्ड त्याच जागी करायला सांगितलं. सोर्समध्ये तारीख-वेळेचे मॅक्रो असतील तर दोन्ही वेळेला 'सोर्स_डेट_इपॉक' सारखाच लागतो. जीसीसी आवृत्ती ७ पासून तो पाळतो. जार फाइलीत प्रत्येक नोंदीची वेळ असते, तेव्हा जार उलगडून आतले क्लास जुळवा.

हे झालं की काहीही न बदलता लगेच दुसरा बिल्ड लावा, पॅरामीटर बंद ठेवून. काहीही कंपाइल व्हायला नको. एखादी फाइल पुन्हा पुन्हा कंपाइल होत असेल तर तिची डिपेंडन्सी तपासा. मग संशयातल्या हेडरमध्ये एक निरुपद्रवी बदल करा, बिल्ड लावा, आणि सुरुवातीला टिपलेल्या नावाची फाइल या वेळी कंपाइल होते का ते बघा. झाली, तर दुरुस्ती बसली. नाही झाली, तर बाजूला ठेवलेलं फोल्डर अजून काढू नका.