सप्टेंबरातला एल्ब्रुस: वाट कशी ओळखायची

माझं भोकरदनला कृषी सेवा केंद्र आहे. मृगाला बियाणं, मग खतं, मग फवारणीची औषधं. ऑगस्ट संपेपर्यंत गल्ला सोडता येत नाही, आणि सोयाबीन निघायला लागलं की वसुलीसाठी पुन्हा दुकानात बसावं लागतं. मधला सप्टेंबर तेवढा आपला. म्हणून एल्ब्रुसला मी दोन्ही वेळा सप्टेंबरातच गेलो. यंदा आपल्याकडची चार पोरं निघाली आहेत. त्यांनी गोळा केलेली सगळी माहिती जुलैची आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

डोंगर तोच असतो, 5642 मीटरचा, कॉकेशसमधला, रशियाच्या हद्दीतला निद्रिस्त ज्वालामुखी. पण जुलैत वाटेवर मागच्या हिवाळ्याचा बर्फ असतो, त्यात बूट रुततो आणि पाऊल धरतं. उन्हाळाभर तो वितळतो, आणि सप्टेंबरात खालचा जुना, टणक, निळसर बर्फ उघडा पडतो. त्यावर कधी बोटभर ताजा बर्फ असतो, आणि तोच जास्त फसवतो. घरातल्या शहाबादी फरशीवर ज्वारीचं पीठ सांडलं आणि त्यावर पाय पडला, तर काय होतं ते आठवा.

ही फरशी सगळ्यात जास्त भेटते ती पास्तुखोव खडकांपाशी, साधारण 4600 ते 4700 मीटरवर. तिथे उतार 30 अंशांच्या आसपास आहे. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायची लोखंडी दात्यांची चौकट, भुसभुशीत बर्फात गेला की 'खस्स' असा आवाज येतो. टणक बर्फावर तो 'टक्' असा कोरडा वाजतो आणि टोकं जेमतेम नखभर शिरतात. अंधारात डोळ्यांपेक्षा हा आवाज लवकर कळतो. 'टक्' ऐकू आला की पाऊल लांब टाकायचं नाही. तळवा उताराला सपाट लावायचा, म्हणजे खालच्या दहाही दाती बसतात. आपल्याला टाच आधी टेकून चालायची सवय असते, ती तिथे घसरवते. आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फात रुतवायची कुदळ, मारून घसरण थांबवण्याचा सराव जरूर करा, पण टणक बर्फावर ती युक्ती बहुतेक वेळा चालत नाही, कारण क्षणात वेग आलेला असतो. तिथे घसरायचंच नाही, एवढाच बेत ठेवा. गाइड दोर बांधायला म्हणाला तर 'मला जमतंय' म्हणू नका.

खडकांच्या वर वाट डावीकडे वळते आणि पूर्व शिखराच्या पोटाला आडवी कापत खोगिराकडे, म्हणजे दोन शिखरांमधल्या खिंडीकडे जाते. चढताना डाव्या हाताला जो उतार आहे तो खाली हिमभेगांच्या पट्ट्यात संपतो. भेगा जुलैतही असतात, पण तेव्हा त्यांच्यावरचा बर्फाचा पूल जाड असतो. सप्टेंबरात पूल गळून पडलेले असतात, आणि नवा बर्फ पडला की भेग नुसती झाकली जाते, वजन पेलत नाही. म्हणून वाटेवर रोवलेल्या काठ्यांची खूण सोडून एक पाऊलही बाहेर नको. गाराबाशीच्या मुक्कामाला, 3850 मीटरवर, रात्री लघवीला उठलात तरी मळलेल्या वाटेनेच जा.

मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट हवेची. पहिल्या खेपेला चढाईच्या आदल्या संध्याकाळी मी घड्याळातली उंची 3850 ला लावून झोपलो. रात्री एकला उठलो तर ते 3910 दाखवत होतं. मी पलंगावरच होतो आणि घड्याळाच्या मते साठ मीटर वर गेलो होतो. अशा घड्याळाला उंची कळते ती हवेच्या दाबावरून, म्हणजे दाब घसरला होता. आकाशात चांदणं टिपूर होतं, म्हणून मी ते कोणाला सांगितलंच नाही. सकाळी साडेनऊला खोगिरात पोचलो तेव्हा पश्चिम शिखरावर गुळगुळीत, भिंगासारखा ढग बसला होता आणि अर्ध्या तासात एका खुणेवरून पुढची खूण दिसेना. गाइडने परत फिरवलं. मी रडलो, हे लपवत नाही. पण 23 सप्टेंबर 2021 ला याच डोंगरावर 19 जणांच्या तुकडीला 5000 मीटरच्या वर वादळाने गाठलं होतं आणि त्यांतले पाच जण गेले, हे मला माहीत होतं.

तेव्हा रात्री उठल्यावर आधी घड्याळ बघा आणि गाइडला आकडा सांगा. अंदाज बघताना खालच्या तेरस्कोल गावचा नको, शिखराच्या उंचीवरच्या वाऱ्याचा बघा. ताशी 40 किलोमीटरच्या वर वारा असेल तर मी निघत नाही. सप्टेंबरात वर रात्री उणे 15-20 सहज असतं, त्यात असा वारा म्हणजे बोटं गेलीच. म्हणून प्रवासाच्या बेतात हवेसाठी दोन-तीन जादा दिवस ठेवाच. तिकिटाचे पैसे वाचवायला ते कापू नका.

दिवसही लहान झालेला असतो. जुलैत साडेचारच्या सुमारास उजाडतं, सप्टेंबरच्या मध्यावर जवळपास सहा वाजतात. रात्री दोनला निघालात तर चार तास अंधारात आणि नेमका तो टणक पट्टा अंधारातच. हेडलॅम्पचे जादा सेल खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

विरळ हवेची सवय व्हायला रोपवेच्या पायथ्याच्या आझाऊला, 2350 मीटरवर, दोन रात्री काढा. तेरस्कोलच्या वेधशाळेकडची वाट सुमारे 3100 पर्यंत नेते, आणि त्या दिवसांत खालचे भुर्ज पिवळे झालेले असतात. ज्यांना चढाई करायची नाही त्यांनी एवढं केलं तरी चालेल. रोपवेच्या वरच्या टप्प्यांजवळ बर्फ गेलेला असतो आणि पायाखाली काळा-तांबडा मुरूम सरकतो. अगदी वेताळवाडीच्या किल्ल्यावर चढताना लागतो तसा. सराव आपल्याकडेच होतो: देवगिरीचा डोंगर पाठीवर बारा किलो गहू घेऊन रविवारी चार-पाच वेळा वर-खाली करा. गाराबाशीवरून शिखर म्हणजे 1800 मीटरची चढण आहे आणि वर हवा निम्मीच. रॅट्रॅकने, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याच्या गाडीने, 5000 पर्यंत जाता येतं, पण शरीराला सवय नसताना तो मोह टाळा.

खाण्यात गूळ-शेंगदाणे नेणार असाल तर गूळ घरीच सुपारीएवढा फोडून घ्या, वर त्याचा दगड होतो आणि हातमोजा काढावा लागतो. राजगिऱ्याचे लाडू त्या मानाने मऊ राहतात.

परतताना दुपार झालेली असते आणि पास्तुखोवच्या खाली ऊन लागून वरचा थर पाणावतो. तो बर्फ क्रॅम्पॉनच्या तळाशी गोळा होऊन चिकटतो आणि दाती बर्फाला लागतच नाहीत. दर पाच-सहा पावलांनी अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला ठोकून तो पाडा. पाय कितीही दुखत असले तरी क्रॅम्पॉन गाराबाशीच्या दारातच काढा.