आईवडिलांसाठी केअर सेंटर बघताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते कोपऱ्यावरचं दहा-पंधरा बेडचं हॉस्पिटल, बाळंतपणं आणि हर्नियाची ऑपरेशनं होतात ते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला महिनोन्‌महिने ठेवायच्या जागेला कोणी वृद्धाश्रम म्हणतं, कोणी केअर सेंटर, कोणी शुश्रूषा केंद्र, बोर्डावर तर काहीही रंगवलेलं असतं. चालतीफिरती माणसं ठेवणारा वृद्धाश्रम वेगळा आणि नाकात नळी, लघवीची पिशवी असलेले पेशंट सांभाळणारी जागा वेगळी. पण पहिल्या प्रकारवालेही "हो हो, बेडरिडन घेतो की आम्ही" असं बिनधास्त सांगतात, कारण त्यांचा एक बेड रिकामा असतो.

आमच्या आईला पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही निम्मं गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणलं तर तिसरा मजला, लिफ्ट नाही, पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोची बाई दोन दिवस आली आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन बंद. मग मी आणि ताईने शनिवार-रविवारात पुण्यात सिंहगड रोडपासून कात्रजपर्यंत पाच जागा बघितल्या आणि त्यातली बरोब्बर चुकीची निवडली.

बागेवर भाळलो

बंगला होता, पुढे लॉन, तुळस, बाकडी, रिसेप्शनला मोठी गणपतीची मूर्ती, मॅनेजर मॅडमनी आलं घालून चहा दिला. आम्हाला दोघांना इतकं हायसं वाटलं की विचारू नका. आता जी बाई कुशीवर वळू शकत नाही तिला लॉन काय कामाचं, हे डोक्यात आलंच नाही, आणि तिच्या खोलीच्या खिडकीतून दिसायची ती शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. खरं सांगायचं तर ती जागा आम्ही आईसाठी निवडलीच नव्हती, आमच्या मनाला टोचणी नको म्हणून निवडली होती.

आठवडाभराने ताईच्या लक्षात आलं की आईचे ओठ कोरडे पडलेत. पाण्याचा ग्लास भरलेला, वर झाकणी, बाजूच्या टेबलावर व्यवस्थित ठेवलेला. टेबल उजवीकडे. बेल उजवीकडच्या भिंतीला. आणि आईचा उजवा हात गेलेला! रोज तीन पाळ्यांत माणसं त्या खोलीत येत होती, ग्लास बदलत होती, पण टेबल डावीकडे सरकवावं असं एकालाही सुचलं नाही. तेव्हापासून मला कोणी विचारलं की काय बघायचं, तर मी सांगतो की बाग, टीव्ही, फरशी काही बघू नका, जो पेशंट स्वतः उठू शकत नाही अशा एकाच्या बेडपाशी दोन मिनिटं उभे रहा. पाणी हाताला येतंय का, बेल दाबता येतेय का, चष्मा कुठंय, नखं कापलीत का, अंगावरचा गाऊन त्याच माणसाचा आहे का. फिनेलचा वास घमघमतोय म्हणून स्वच्छता समजू नका, उलट मला तर फार वास आला की शंका येते.

भेट ठरवून दिली, तीही सकाळी अकराला

अकरा वाजता कुठलीही जागा चांगलीच दिसते. आंघोळी झालेल्या, पावडर लावलेली, सगळे खुर्च्यांत ओळीने बसलेले. पहिल्यांदा बघायला फोन करून जा, ते ठीकच आहे, पण दुसऱ्यांदा न सांगता जा, शक्यतो संध्याकाळी सात-साडेसातला जेवणाच्या वेळी किंवा रविवारी दुपारी. आत सोडलंच नाही तर तिथेच उत्तर मिळालं. (दुपारी झोपेची वेळ असते, इन्फेक्शन होतं वगैरे कारणं खरीही असतात, पण मग कुठली वेळ चालेल ते त्यांनी सांगायला पाहिजे ना.)

जेवणाच्या वेळी एकाच माणसाला भरवताना बघा. झटका आलेल्या पेशंटला गिळायचा त्रास असतो, आडवं ठेवून भरवलं तर घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून नीट बसवून, थोडं थोडं आणि जेवणानंतरही निदान अर्धा तास बसतं ठेवून. नळीने फीड देतात तेव्हाही डोक्याकडची बाजू वर हवी. आम्ही एके ठिकाणी बघितलं, एक मावशी मधे स्टुलावर बसून तीन आज्यांना आळीपाळीने भरवत होती आणि चमचा एकच. मावशीचा दोष नाही हो, तिला अकरा पेशंट दिले होते.

"चोवीस तास नर्स आहे" यावर विश्वास

नर्स म्हणजे कोण? नर्सिंगचे दोन कोर्स असतात, जीएनएमचा (जनरल नर्सिंग) तीन वर्षांचा, एएनएमचा (सहाय्यक नर्स) दोन वर्षांचा, आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. बाकी पांढरा ड्रेस घातलेल्या सगळ्यांनाच आपण सिस्टर म्हणतो, त्यात केअरटेकर, आया, मामा सगळे आले. ती माणसं वाईट असं मुळीच नाही, आईला सगळ्यात जीव लावला तो एका मावशींनीच, पण इन्सुलिन देणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, शुगर उतरल्यावर काय करायचं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. तेव्हा प्रश्न असा विचारा: काल रात्री दोन वाजता ड्युटीवर कोण होतं, त्यांचं शिक्षण काय, आणि त्यांच्याकडे किती पेशंट होते? ड्युटीचं रजिस्टर दाखवा म्हणा. डॉक्टर "ऑन कॉल" म्हणजे किती मिनिटांत येतो, की फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर औषध लिहून पाठवतो, तेही विचारा.

आणि एक प्रश्न तोंडातून निघत नाही पण विचाराच. रात्री पेशंट गेला तर मृत्यूचं वैद्यकीय प्रमाणपत्र कोण देणार? हॉस्पिटलबाहेरच्या मृत्यूसाठी ४अ नंबरचा फॉर्म असतो आणि तो पेशंटला तपासत असलेल्या डॉक्टरने भरायचा असतो. डॉक्टर ठरलेला नसेल तर पहाटे चारला, त्या अवस्थेत, नातेवाईक डॉक्टर शोधत फिरतात.

कागद बघितले नाहीत

महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९चा आहे आणि आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करायची जागा त्याच्या व्याख्येत येते. मग नळी-कॅथेटरचे पेशंट घेणाऱ्याला नोंदणी विचारायला लाजायचं कशाला. पुणे शहरात ती महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. पुष्कळजण ट्रस्टचं, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडचं सर्टिफिकेट पुढे करतात. त्यावरून ट्रस्ट आहे एवढंच कळतं, रात्री कूस कोण बदलतं ते कळत नाही. फायर एनओसी, स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, जिन्यात कोंबलेल्या गाद्या आणि सिलिंडर हे पण बघून घ्या. भाड्याचा बंगला असेल तर तिथून उठायची वेळ आली तर पेशंट कुठे नेणार, हेही.

महिन्याचा आकडा एकच असतो असं समजलो

आम्हाला सांगितले अठ्ठावीस हजार, पहिलं बिल आलं एक्केचाळीसचं. डायपर, अंडरपॅड, ग्लोव्ह्ज, फिजिओथेरपी, डॉक्टर व्हिजिट, शुगर तपासणी, एअर बेडचं (मोटरने हवा भरणाऱ्या गादीचं) भाडं, "बेडरिडन चार्ज", सगळं वेगळं. डायपर दिवसाला सहा लावले होते, कागदावर! मागच्या महिन्याचं कुणाचंतरी बिल नाव झाकून दाखवायला सांगा, त्यावरून सगळं कळतं. डिपॉझिट कधी परत, पेशंट मधे हॉस्पिटलात गेला तर त्या दिवसांचे पैसे लागतात का, नोटीस किती दिवसांची, हे लेखी घ्या. मेडिक्लेमवर अवलंबून राहू नका, नुसत्या देखभालीचा आणि विश्रांतीचा खर्च पॉलिसीत धरलेला नसतो. सत्तरीच्या पुढच्यांसाठीचं पाच लाखांचं आयुष्मान कार्डही हॉस्पिटलात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, अशा जागेच्या महिन्याच्या खर्चासाठी नाही.

चेहरा बघून परत आलो, पाय बघितलेच नाहीत

ही सगळ्यात महागात पडलेली. आम्ही जायचो तेव्हा आई व्हीलचेअरमध्ये, केस विंचरलेले, पायात मोजे. एकदा ताईने नखं कापायला म्हणून मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढा काळा डाग. बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम. कंबरेखाली माकडहाडापाशी दुसरा, तो आधीच फुटलेला. स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. त्याचं रजिस्टर होतं की आमच्या जागेत, १०, १२, २, ४ अशा वेळा आणि सह्या, सगळ्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या. एअर बेडचे पैसे आम्ही भरत होतो आणि मोटरचा प्लग काढून तिथे कुणाचातरी मोबाईल चार्जिंगला लावलेला.

म्हणून ठेवायच्या आधी विचारा, सध्या तुमच्याकडे किती जणांना बेडसोर आहेत, आणि त्यातले इथे आल्यावर झालेले किती? "एकही नाही" म्हणणाऱ्यापेक्षा "दोन आहेत, एक हॉस्पिटलातूनच घेऊन आले, ड्रेसिंग असं चालू आहे" म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. आणि ठेवताना त्याच दिवशी टाचा, कंबर, खांदे यांचे तारखेसह फोटो काढा, वजन लिहून घ्या. नाहीतर पुढे "घरूनच घेऊन आला होतात" सुरू होतं.

आता ठेवलंय आणि काहीतरी खटकतंय, तर?

दिवसभर झोपूनच असतात असं दिसलं तर औषधांचा कागद मागा आणि जुन्या कागदाशी ताडून बघा. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटला "रात्री ओरडतात" म्हणून शांत ठेवायची गोळी सुरू केलेली असते, कधीकधी घरच्यांना न विचारता. या अँटीसायकोटिक औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो अशी ठळक सूचना अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००५ पासून छापायला लावली आहे. गोळी कधीच नको असं नाही, पण कोणी लिहिली, कशासाठी आणि किती दिवस हे कळलं पाहिजे. हात बेडला बांधलेले दिसले तर तोच प्रश्न.

वजन उतरतंय, लघवी गडद झालीय, महिन्यात दुसऱ्यांदा ताप, हे दिसलं की गप्प बसू नका. कपडे हरवणं वगैरे मी सोडून देतो, सगळीकडेच हरवतात, साड्यांच्या काठावर नाव शिवून टाका. तक्रार आधी ड्युटीवरच्या सिस्टरकडे शांतपणे करा, मग मालकाला लेखी, व्हॉट्सअ‍ॅप चालेल पण तारीख आणि फोटो घालून. मावशींवर ओरडू नका, आपण गेल्यावर आपलं माणूस त्यांच्याच हातात असतं. दोनतीनदा सांगून फरक पडला नाही किंवा मारहाण, उपासमार असं काही असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा एल्डरलाइन नंबर आहे, आणि तातडीचं असेल तर सरळ पोलीस, ११२.

जागा बदलायची वेळ आलीच, तर नवीन ठिकाणच्या लोकांना आधी येऊन पेशंट बघू द्या. आम्ही दुसरी जागा धरली ती यावरूनच. तिथल्या सिस्टर येऊन आईच्या पाठीवरची जखम बघून गेल्या आणि जाताना विचारलं, "यांना काय हाक मारायची?" आई तीस वर्षं शाळेत होती, तिला सगळे बाई म्हणायचे. आधीच्या ठिकाणी पाच महिने ती दोन नंबरची आजी होती.

शिफ्ट करताना औषधांची पूर्ण यादी, शेवटचा डोस किती वाजता दिला, नळी आणि कॅथेटर कधी बदलली त्या तारखा, ड्रेसिंगचा कागद आणि डिपॉझिटची पावती हातात घ्या. सकाळीच हलवा आणि आठवड्याच्या मधल्या वारी, कारण शनिवारी संध्याकाळी पोचलात तर डॉक्टर सोमवारशिवाय भेटत नाही.