कस्टमरला आठवणीचा मेसेज कसा लिहायचा (कूलरवाल्याच्या अनुभवातून)

सक्करदऱ्याला आपलं कूलर रिपेरिंगचं दुकान आहे. नागपुरात होळी झाली की सगळ्यांना एकाच दिवशी कूलर आठवतो, ताट्या (कूलरच्या बाजूच्या गवताच्या जाळ्या) बदला, पंप पाहा, मोटर आवाज करून राहिली, आणि पोरगा दारात पोहोचला की घराला कुलूप. म्हणून मेसेज पाठवणं सुरू केलं, आणि पहिल्या वर्षी सपशेल आपटलो.

तेव्हा लिहिलं होतं, "प्रिय ग्राहक, आपल्या सेवेची वेळ निश्चित झाली आहे." मानेवाड्याच्या एका काकाजींचा फोन आला, कोणती सेवा बे, बँकेतून बोलून राहिला का? त्यांचं काय चुकलं, असे मेसेज फ्रॉडवालेच पाठवतात न. तेव्हापासून मेसेज असा जातो:

"काकाजी, सक्करदऱ्याहून कूलरवाला. पोरगा उद्या सकाळी ११ ला येईल. आज रात्री टाकी रिकामी करून ठेवा. जमत नसेल तर मिस कॉल द्या."

यात कोण, कधी, आणि त्यांनी काय करून ठेवायचं, एवढंच आहे. टाकीचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण भरलेला कूलर हलवता येत नाही आणि पोराचा अर्धा तास पाणी काढण्यातच जाते. तुमच्या धंद्यात टाकीच्या जागी दुसरं काही असेल, टेलरकडे मापाचा जुना ब्लाउज, दातांच्या डॉक्टरकडे मागचा एक्स-रे, पण ते एक वाक्य शोधाच. नुसतं "उद्या अपॉइंटमेंट आहे" वाचून माणूस हो म्हणते आणि विसरून जाते. आणि मिस कॉल काहून? तर वयस्कर लोकं टाइप करत नाहीत, मिस कॉल मात्र बरोबर देतात.

कोण बोलून राहिलं ते सुरुवातीलाच लिहा. फोनवर "काकाजी, सक्करदऱ्याहून कूल..." एवढंच दिसते, बाकी मेसेज उघडल्यावर, म्हणून नमस्कार-चमत्कारात पहिली ओळ घालवू नका. लिंक तर टाकूच नका, छोटी केलेली लिंक पाहिली की लोकं मेसेजच डिलीट करतात.

आता अक्षरांचा हिशोब. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजी अक्षरांत १६०. आणि काना-मात्रा, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजल्या जाते, "उद्या" दिसते दोन अक्षरांचं पण मोजणीत पाच. ७० च्या वर गेलं की मेसेजचे तुकडे होतात आणि मग एका तुकड्यात ६७ च. वरचा काकाजींचा मेसेज एकात बसतच नाही. स्वतःच्या फोनवरून चारदोन पाठवायचे तर काही फरक पडत नाही, गठ्ठ्यानं पाठवले की पैसे तुकड्यामागे लागतात. काहीजण म्हणून रोमनमध्ये मराठी लिहितात, मला ते नाही पटत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते वाचायलाच जमत नाही. इतवारीतल्या हिंदी बोलणाऱ्या कस्टमरला मात्र हिंदीतच पाठवतो, वहीत नावासमोर "हिं" लिहून ठेवलं आहे.

गठ्ठ्यानं पाठवायचे असतील तर साध्या नंबरवरून नाही, ट्रायच्या (टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियमानं डीएलटीवर (अशा मेसेजवाल्यांच्या नोंदणीची ऑनलाइन जागा) नोंदणी करून हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं छोटं नाव, आणि मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यावा लागते. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट सोपी, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच ते पोहोचते, म्हणून बिल देतानाच "नंबर सेव्ह करून घ्या न ताई" म्हणायचं.

वेळ? आदल्या संध्याकाळी ६ ते ८. मे महिन्यात दुपारी १ ते ४ तर अजिबात नाही, नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) माणूस झोपला असते, फोन वाजला की तुमच्यावरच चिडते. दुसरा मेसेज पोरगा निघाला की, "निघालो, अर्ध्या तासात पोहोचतो." तिसरा मेसेज नाही, सरळ फोन.

उधारीचा मेसेज सगळ्यात नाजूक. "थकबाकी", "अंतिम सूचना" असे शब्द लिहिले तर पैसे येतील पण कस्टमर जाईल. मी लिहितो, "ताई, १२ तारखेला पंप बसवला त्याचे ६५० बाकी आहेत. याच नंबरवर फोनपे चालते." तारीख आणि काम लिहिलं की कसले पैसे हा प्रश्नच येत नाही, आणि नंबर शोधायचं कारणही उरत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर उधारी मागू नका, कधीच नाही.

आणि वही साफ ठेवा. ज्यानं कूलर विकून एसी लावला त्याला दर मार्चला ताट्यांची आठवण करून दिली तर तो हसेलच. नाव खोडा, आणि एसीच्या सर्व्हिसिंगची तारीख विचारून घ्या.