सिट्रसमधलं संकरण जीनोमवरून शोधताय? रंगीत पट्ट्यांआधी हे बघा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीला संकरणाचा विषय मिळालाय आणि हातात लिंबूवर्गीय झाडं आलीत, तर आधी एवढंच सांगते की विषय फार सुंदर आहे, घाबरू नका. आपण रोज खातो त्यातलं बरंचसं संकरच आहे. मोसंबी म्हणजे पपनस आणि मँडरिन (संत्र्याच्या गटातली फळं) यांची गुंतागुंतीची मिसळ, कागदी लिंबाची आई मायक्रान्था नावाची रानटी जात आणि बाप महाळुंग, आणि वरूड-मोर्शी-काटोलकडे संत्र्याचा डोळा ज्या खुंटावर भरतात ती जंभेरी म्हणजे मँडरिन आणि महाळुंग यांची थेट पहिली पिढी. २०१८ साली नेचर या नियतकालिकात ६० सिट्रस जीनोमचा अभ्यास आला त्यात हे सगळं नीट मांडलंय, आणि खाण्यातल्या बहुतेक मँडरिनमध्येही पपनसाचे तुकडे आहेत हेही. तो पेपर तुम्ही वाचला असणारच, म्हणून बेसिक सांगत बसत नाही.

सॅम्पलिंगबद्दल मात्र एक गोष्ट पेपरात सापडत नाही. बागेतलं झाड कलमी असतं, त्यामुळे पान डोळ्याच्या जोडाच्या वरूनच घ्या. खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्यावरचं पान घेतलंत तर लेबल संत्र्याचं आणि डीएनए जंभेरीचा, आणि मग असं काही विचित्र संकरण दिसेल की पेपर लिहायला घ्याल. नर्सरीवाल्याला जोड दाखवायला सांगा, तो हसत हसत दाखवतो. पान कोवळं घ्या आणि लगेच सिलिका जेलमध्ये टाका, जून पानातला चिकटपणा आणि पॉलिफेनॉल सीटॅबला, म्हणजे डीएनए काढायच्या पद्धतीला, छळतात.

आता मुख्य मुद्दा, यात मी बरेच महिने अडकले होते म्हणून जरा लांबण लावते. अ‍ॅडमिक्स्चर (प्रत्येक झाडात कुठल्या वंशाचा किती वाटा ते सांगणारा प्रोग्रॅम) चालवलं की रंगीत पट्ट्या येतात आणि सगळ्यांना वाटतं एक रंग म्हणजे शुद्ध जात, दोन रंग म्हणजे संकर. सिट्रसमध्ये हे सरळ उलटं होऊ शकतं. कारण असं की सिट्रसच्या बऱ्याच प्रकारांत बीसुद्धा आईची नक्कल असते, म्हणजे बियातला गर्भ परागीकरणातून न येता आईच्याच पेशींतून वाढतो, आणि वरून आपण कलमं करतो ते वेगळंच. म्हणजे वेगवेगळ्या तालुक्यांतून जंभेरीची वीस झाडं आणलीत तरी ती जवळपास एकच झाड आहे, फरक असलाच तर नंतरच्या तुरळक म्युटेशनचा. आणि प्रोग्रॅम धरून चालतो की तुमची सॅम्पल्स एकमेकांची नातेवाईक नाहीत. मग एकाच साच्याचे वीस नमुने दिसले की तो त्यांना स्वतंत्र रंग देतो, पूर्ण भरलेला, एकदम शुद्ध! आणि खरा पूर्वज महाळुंग, ज्याची तुमच्याकडे एकदोनच झाडं आहेत, तो बिचारा मिश्र रंगात येतो. के (किती वंशगट धरायचे तो आकडा) बदलून, क्रॉस-व्हॅलिडेशन (कुठला के जास्त जुळतो ती चाचणी) बघून हे सुटत नाही. आमच्या पट्टीत हेच आलं होतं आणि आजूबाजूचे सगळे नवीन वंशरेषा सापडली म्हणून खूश होते.

उपाय अवघड नाही, खरंच नाही. आधी जोडी-जोडीचं नातं मोजा, क्लोनच्या प्रत्येक गटातून एकच झाड ठेवा, पूर्वज जातींची सॅम्पल्स वाढवा. मग अशा जागा निवडा जिथे महाळुंगात डीएनएचं कायम एक अक्षर आणि मँडरिनमध्ये कायम दुसरं. त्या जागांवर दोन आकडे काढा, महाळुंगाचा वाटा किती आणि हेटेरोझायगस जागा (जिथे आई-बापाकडून वेगवेगळी अक्षरं आलीत) किती, आणि त्रिकोणी आलेख काढा, आडवा वाटा आणि उभी हेटेरोझायगोसिटी. एफ१, म्हणजे संकराची पहिली पिढी, असेल तर वाटा ०.५ आणि हेटेरोझायगोसिटी जवळपास १, म्हणजे अगदी वरचं टोक. एफ२ चा (एफ१ आपसात मिळून आलेली पिढी) वाटाही ०.५ च्या आसपासच पण उंची निम्मी. बॅकक्रॉस (एफ१ चा पुन्हा मूळ जातीशी संकर) ०.२५ किंवा ०.७५ कडे सरकतो. अ‍ॅडमिक्स्चरच्या पट्टीत एफ१ आणि एफ२ दोन्ही अर्धे-अर्धेच दिसतात, इथे वेगळे पडतात, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. मोसंबीसारख्या प्रकारांसाठी एवढंही पुरत नाही, त्यांचे नऊच्या नऊ क्रोमोसोम तुकड्या-तुकड्यानं बघावे लागतात.

कव्हरेजमध्ये (एक जागा किती वेळा वाचली त्यात) कंजुषी करू नका. एखाद्या हेटेरोझायगस जागेवर ५ रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) असतील तर पाचही एकाच बाजूचे येण्याची शक्यता १६ मध्ये १ असते, म्हणजे तुमचा एफ१ टोकावरून खाली घसरतो आणि तुम्ही त्याला पुढची पिढी समजता. कमी झाडं घ्या पण खोल वाचा. शिवाय क्लेमेंटाइन या मँडरिनच्या संदर्भ-जीनोमवर महाळुंगाचे रीड्स कमी बसतात, ती घसरण वेगळीच.

क्लोरोप्लास्टचा डीएनए नक्की जोडा, तो आईकडून येतो म्हणून त्यावरून आई कळते, आणि सिट्रसच्या जुन्या संकरांत महाळुंग सतत बाप म्हणूनच दिसतो. अब्बा-बब्बा टेस्ट (जातींमधली जनुकांची देवाणघेवाण शोधणारी) सगळे लावतात म्हणून लावू नका. २०१० च्या निअँडरथल जीनोमच्या कामानंतर ती गाजली, आणि जुनी, पुसट देवाणघेवाण ही निव्वळ वंशरेषांच्या अर्धवट वाटणीपासून (पूर्वजातलेच जुने फरक दोन्हीकडे राहून जाणं) वेगळी काढायला ती छान आहे, पण समोर उघडा एफ१ असताना तिचा उपयोग नाही.

गिटहबवरून उचललेली पाइपलाइन (डेटा तपासणाऱ्या प्रोग्रॅमांची तयार साखळी) आणि सीक्वेन्सिंग कंपनीचा तयार रिपोर्ट, दोन्हींबद्दल माझं मत वाईट आहे. त्यातले फिल्टर बहुतेक वेळा माणसासाठी किंवा भातासाठी ठरवलेले असतात आणि जास्त हेटेरोझायगस जागा एरर समजून उडवतात, म्हणजे नेमका तुमचा पुरावाच जातो. गाईड निवडताना मोठ्या लॅबचं नाव बघण्यापेक्षा तो माणूस बागेत फिरलाय का ते बघा. आणि बाहेरच्या देशात शिकत असाल तर सुट्टीत आलात म्हणून पानं बॅगेत टाकून नेऊ नका, जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, अनिवासी भारतीयांनाही. अर्ज लवकर टाका.

पैसे नाहीत म्हणून सुरुवात अडली असेल तर अडवून घेऊ नका. सिट्रसचा जीनोम साधारण ३७ कोटी अक्षरांचा, म्हणजे गव्हाच्या मानानं अगदी छोटा, कॉलेजच्या सर्व्हरवरही चालतो. आधी छापलेला कच्चा डेटा एनसीबीआय या डीएनए डेटाच्या खुल्या साठ्यावरून उतरवा, महाळुंग, मँडरिन आणि जंभेरी एवढंच घ्या आणि त्रिकोण काढा. जंभेरी वरच्या टोकाला बसली की मग स्वतःची सॅम्पल्स लावा, नाही बसली तर आधी फिल्टर तपासा, स्वतःच्या डेटाला तोवर हातच लावू नका.