तांब्याची शोभेची नाणी: घेताना, घडवताना आणि मोडीत देताना

तांब्याच्या शोभेच्या नाण्याचे हिशेब दोन. एक धातूचा, दुसरा घडणावळीचा. सोन्याच्या नाण्यात धातूचा वाटा मोठा आणि घडणावळ किरकोळ असते; तांब्यात नेमकं उलट. फसवणूक, निराशा आणि वाया गेलेला माल यातलं बरंचसं हे दोन हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे होतं. म्हणून सुरुवात वजनकाट्यापासून.

धातूची किंमत काढणं

तांब्याचा जागतिक भाव दोन तऱ्हांनी सांगितला जातो. लंडन मेटल एक्स्चेंजवर तो टनाला डॉलरमध्ये असतो, न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजारात वजनाच्या पौंडाला डॉलरमध्ये. पौंडाच्या भावाला 2204.6 ने गुणलं की टनाचा भाव येतो. टनाच्या भावाला दहा लाखांनी भागलं की ग्रॅमचा. हिशेबाच्या सोयीसाठी टनाला 10,000 डॉलर धरले, तर एका ग्रॅमचा भाव एक सेंट पडतो आणि एक औंसाच्या नाण्यातलं तांबं जेमतेम 28 सेंटचं निघतं.

इथे ‘औंस’ कोणता हे पाहायलाच हवं. सोन्याचांदीचा ट्रॉय औंस 31.10 ग्रॅमचा. तांबं मात्र साध्या, म्हणजे अव्हर्दुप्वा औंसात विकलं जातं आणि तो 28.35 ग्रॅमचा असतो. काट्यावर 28.35 दिसलं म्हणून नाणं वजनात मारलंय असं समजू नका. उलट विकणारा भाव ट्रॉय औंसाने सांगत असेल, तर जवळपास नऊ टक्के धातू कागदावरच राहतो.

नाण्याची दर्शनी किंमत आणि त्यातल्या तांब्याची किंमत सारखी ठेवायची तर काय होतं, हे स्वीडनने 1644 मध्ये पाहिलं. तिथली दहा डालरची (डालर हे तिथलं तेव्हाचं चलन) तांब्याची पाटी सुमारे 19.7 किलोची होती. बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीतली 1797 ची पेनी बरोबर एक औंसाची होती आणि दोन पेन्सचं नाणं दोन औंसांचं. पुढे तांबं महागलं तशी ती वितळवण्याकडे कल वाढला. धातूचा भाव दर्शनी किमतीच्या वर गेला की नाण्याची मोड होते, हा नियम तेव्हापासून बदललेला नाही.

आजची शोभेची नाणी म्हणजे नुसत्या चकत्या; त्यांच्यावर दर्शनी किंमत नसते, घडणावळ असते. समजा, एखादी चकती धातूच्या किमतीच्या दहापट भावाने घेतली. तांब्याचा भाव दुप्पट झाला तरी तिच्यातला धातू तुम्ही मोजलेल्या पैशांच्या फक्त पाचव्या हिश्शाचा होईल. भाववाढीच्या आशेने चकत्या साठवणं म्हणूनच जमत नाही. त्या आवडतात म्हणून, भेट द्यायला किंवा ठशाच्या कामासाठी घ्याव्यात.

खरं तांबं ओळखणं

आधी चुंबक लावा. तांब्याला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे. युरोची 1, 2 आणि 5 सेंटची नाणी, तसंच 1992 पासूनची ब्रिटिश पेनी ही तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद आहे. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे तांबंच, असंही नाही. जस्त आणि पितळ यांनाही तो चिकटत नाही.

तिथे पाण्याची कसोटी उपयोगी पडते. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर आता जो आकडा दिसतो, तितके घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. वजनाला त्याने भागा, की घनता येते. तांब्याची घनता 8.96 आहे, म्हणून 28.35 ग्रॅमच्या चकतीला काटा 3.16 दाखवतो. पितळ असेल तर 3.3 ते 3.4, आत पोलाद असेल तर सुमारे 3.6 आणि जस्त असेल तर 3.97. तांबं आणि पितळ यांच्यात फरक इतका थोडा आहे, की नाण्याला चिकटलेला हवेचा एखादा बुडबुडासुद्धा निकाल फिरवतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे धरत नाहीत.

चलनी नाण्यांपासून दागिने करणाऱ्यांनी हे आधीच तपासावं. अमेरिकेचा सेंट 1982 मध्ये बदलला. त्याआधीचा 3.11 ग्रॅमचा आणि 95 टक्के तांब्याचा, नंतरचा 2.5 ग्रॅमचा, 97.5 टक्के जस्ताचा, वरून तांब्याचा पातळ थर. नव्या सेंटला भोक पाडलं की उघडं जस्त लवकर खराब होतं, आणि तापवला तर 420 अंश सेल्सिअसच्या आसपास आतलं जस्त वितळून नाणं फुगतं. सेंट वितळवायला अमेरिकेत 2006 पासून बंदी आहे. दागिने, हौस किंवा शिक्षणासाठी केलेल्या कामाला सूट आहे, मात्र धातूच्या भावावर नफा काढणं हा हेतू नसावा. इतर देशांचे कायदे याहून कडक असू शकतात. चलनी नाण्याला कानस लावण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा. कोऱ्या पत्र्यावर काम करणं सगळ्यात निर्धोक.

पत्र्यापासून नाणं घडवणं

घरी ठशाचा प्रेस नसतो आणि तांबं ओतणं नवख्याचं काम नाही. ते 1085 अंशांना वितळतं आणि रसात वायू शोषून घेतं; थंड होताना तेच वायू छिद्रं पाडतात. आम्ल लावून नक्षी कोरणं मात्र कुणालाही साधतं.

1 मिमी जाडीचा पत्रा घ्या. 39 मिमी व्यासाची चकती साधारण 10.7 ग्रॅमची होते. चौकोनी ओळीत कापल्या तर 21 टक्क्यांहून जास्त पत्रा मोडीत जातो. मधमाशांच्या पोळ्यासारखी ओळीआड ओळ सरकवून मांडणी केली की तो तोटा निम्म्यावर येतो.

चकती 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, साबणाने धुवा आणि पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर चिकटपणा गेला. थेंब थेंब झाले तर पुन्हा धुवा. यानंतर पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. नक्षीतला जो भाग उंच राहायला हवा, त्यावर आम्ल न लागणारा रंग किंवा शाई लावा. कड आणि मागची बाजू पॅकिंगच्या चिकटपट्टीने झाका.

रेषांची जाडी हा नवख्यांना नडणारा मुद्दा. फेरिक क्लोराइड, म्हणजे कोरायला वापरायचं रसायन, जितकं खाली खातं, जवळजवळ तितकंच बाजूलाही खातं. खोली 0.2 मिमी हवी असेल तर उंच रेष दोन्हीकडून 0.2 मिमी झिजते. अर्धा मिमीची रेष काढली तर हाती 0.1 मिमीची धार उरते आणि पॉलिश करताना तीही जाते. निदान 0.8 मिमीची रेष काढा.

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात फेरिक क्लोराइडचं द्रावण 40 ते 45 अंशांना ठेवा. धातूचं भांडं चालत नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. चकती नक्षीची बाजू खाली करून, जाड चिकटपट्टीवर लटकवून, द्रावणात तिरकी सरकवा. सरळ ठेवली तर खाली हवा अडकते आणि तेवढ्या जागी कोरलं न गेलेलं बेट राहतं. तोंड खाली ठेवल्याने सुटलेला गाळ आपोआप पडतो. वर ठेवलं तर गाळ बसून तळ खडबडीत होतो. दर 15 मिनिटांनी काढून धुवा आणि टोकदार सुईने खोली चाचपा. ताजं द्रावण असेल तर 0.2 मिमीला तासाभराच्या पुढेमागे वेळ लागतो. कडा दातेरी दिसू लागल्या, की शाई सुटायला लागली आहे, तिथेच थांबा.

झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेलं तांबं जलचरांना घातक असतं, ते रासायनिक कचऱ्यातच द्यायचं.

वजन आणि कस कोरायचा असेल तर थांबा. अर्ध्या भागावर 0.2 मिमी कोरलं की साधारण एक ग्रॅम धातू विरघळून जातो. आधी ‘10.7 ग्रॅम’ कोरलं तर नाणं स्वतःबद्दलच खोटं बोलेल. वजनाचा ठोका कोरीव काम संपल्यावर, पुन्हा तोलून मारावा.

रंग आणि लेप

खोलगट भाग काळा आणि उंच भाग तांबूस असला की नक्षी खुलते. त्यासाठी गंधकयुक्त पोटॅश, बाजारात लिव्हर ऑफ सल्फर म्हणतात ते, वाटाण्याएवढं घेऊन पाव लिटर कोमट पाण्यात विरघळवा. उकळतं पाणी घेतलं तर थर जाड, ठिसूळ बसून पापुद्र्यांनी निघतो. चकती दोन-तीन सेकंद बुडवा, धुवा, पुन्हा बुडवा. रंग सोनेरी, तपकिरी आणि शेवटी काळा असा चढत जातो. हवा तिथे सोड्याच्या पाण्यात टाकून थांबवा. मग 600 च्या पेपरने फक्त उंचवटे उजळा. या द्रावणाजवळ आम्ल नको. सायट्रिक आम्लात साफ केलेली चकती नीट न धुता बुडवली तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. काम उघड्या हवेतच करा.

हात लागणाऱ्या वस्तूला पारदर्शक ॲक्रिलिक लाखेचा पातळ थर द्या, नाहीतर घामाने तांब्याचे क्षार तयार होऊन कातडी हिरवी होते. नुसतं मांडून ठेवायचं असेल तर मेण पुरतं: चकती कोमट करा, मेण चोळा, थंड झाल्यावर मऊ कापडाने पुसा. लोखंडी कडी अडकवू नका. दमट हवेत तांब्याला टेकलेलं लोखंड लवकर गंजतं.

बाजार आणि मोड

लंडनला वायद्याचा एक लॉट 25 टनांचा, कॉमेक्सवर 25,000 पौंडांचा आणि शांघायला 5 टनांचा असतो. लंडनला माल म्हणून चालतं ते ग्रेड ए कॅथोड, म्हणजे शुद्ध केलेल्या तांब्याच्या पाट्या, 99.99 टक्क्यांच्या. एका टनात एक औंसाच्या 35,274 चकत्या बसतात, पण तितक्या गोळा केल्या तरी त्या एक्स्चेंजला माल म्हणून देता येत नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे हौशी माणूस, नाहीतर मोडवाला.

मोडीचा भाव प्रतवारीवर ठरतो. आंतरराष्ट्रीय व्यापारात स्वच्छ, चकचकीत तारेला बार्ली म्हणतात. स्वच्छ पत्रे, तुकडे, नळ्या कँडीत येतात आणि दुय्यम तार बर्चमध्ये. कँडीत जायला तुकड्याची जाडी किमान 1/16 इंच, म्हणजे सुमारे 1.6 मिमी लागते. 1 मिमीच्या पत्र्याची कातरण त्यात बसत नाही. डाख लागलेलं किंवा कलई केलेलं तांबंही नाही. म्हणून कोरी कातरण, डाखाचे तुकडे आणि पितळ पहिल्या दिवसापासून वेगळ्या डब्यांत ठेवा. एका डब्यात मिसळलं की सगळ्याला खालच्या प्रतीचा भाव मिळतो.

विकायची वस्तू असेल तर साठवणही जपा. मऊ पीव्हीसी पाकिटातून सुटणाऱ्या रसायनांनी तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. तो ॲसिटोनने निघतो, पण धातूला खड्डे पडले असतील तर ते राहतात. पाकिटं पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. रबर आणि लोकर यांत गंधक असतं, त्यांच्यापासून लांब ठेवा. जुन्या, संग्रहाच्या नाण्यावरचा तपकिरी थर मात्र कधीही घासू नका. संग्राहक मूळ पृष्ठभागाचेच पैसे देतात. फिकट हिरवी पावडर सुटताना दिसली, तर ते क्लोराइडचं काम असतं. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करून कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, कारण दमट हवेतच ते पसरत जातं.