लहान मुलांच्या ल्युकेमियावर रिसर्च करायचाय? सुरुवात अशी करा

दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच की लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर काम करायचंय, कुठून सुरू करू. रस्ते दोन आहेत. डॉक्टर व्हायचं असेल तर एमबीबीएस, मग तीन वर्षं एमडी पेडियाट्रिक्स, मग नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची परीक्षा देऊन आणखी तीन वर्षं मुलांच्या कॅन्सरमधलं डीएम. नाहीतर एमएस्सी करून नेट काढायची, जेआरएफ ही रिसर्चची फेलोशिप मिळवायची आणि पीएचडीला लागायचं, आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर रिसर्च सेंटर अ‍ॅक्ट्रेक आहे, परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. पेशंटमध्ये जीव रमत असेल तर पहिला, लॅबमध्ये रमत असेल तर दुसरा, आणि एकाचं दुसऱ्यावाचून अडतंच.

रस्ता कुठलाही घ्या, आधी रक्ताची स्लाइड करायला शिका. अगदी छोटा थेंब, दुसरी स्लाइड तिरकी धरायची, थेंबाला टेकवायची, रक्त कडेने पसरलं की एका दमात पुढे न्यायची, मध्ये हात थांबला की स्मिअर, म्हणजे रक्ताचा तो पातळ थर, गेला. मग पेशींना रंग देणारा लिशमन स्टेन, दोन मिनिटांनी त्यावर बफर, आणि धुवायची घाई करायची नाही. आधी शंभर नॉर्मल स्लाइड बघा, मग ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियातली अपरिपक्व पेशी, आपोआप डोळ्यात भरतो, मोठं न्यूक्लियस आणि बाजूला सायटोप्लाझमची नुसती किनार. आता फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी तपासणाऱ्या मशीनने, दहा हजारात एक उरलेली कॅन्सरची पेशीसुद्धा सापडते, इंडक्शननंतर, म्हणजे ट्रीटमेंटच्या पहिल्या टप्प्यानंतर, ती बघूनच पुढची ट्रीटमेंट किती कडक ठेवायची ते ठरतं, पण मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, सॅम्पल पातळ आला असेल तर मशीन काय करणार, म्हणून सोबतची स्लाइड स्वतः बघायची सवय ठेवा.

प्रश्न कसा शोधायचा हे मला परळच्याच एका गोष्टीतून कळलं. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या डॉक्टर मुंबईत आल्या, हाफकिनमध्ये बसून गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या अ‍ॅनिमियाचा अभ्यास केला, आणि त्यांना दिसलं की यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइटने तो बरा होतो. त्यात जे होतं ते पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखलं गेलं. मग बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फोलेट, म्हणजे हेच फोलिक अ‍ॅसिड, दिलं तर आजार उलट जोरात वाढला, तेव्हा त्यांनी विचार उलटा फिरवला, फोलेटला अडवणारं औषध दिलं तर? लेडर्ले कंपनीत आपल्या आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने ते बनवून दिलं, आणि १९४८ मध्ये फार्बरनी छापलं की सोळापैकी दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली, तात्पुरती का होईना. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही मुलं आठवड्यातून एकदा घेतात. बिघडलेला रिझल्ट दिसला की तो वहीतून खोडू नका, त्यावर दोन दिवस विचार करा.

आणि प्रश्न इथलाच घ्या. मेंटेनन्समध्ये, म्हणजे ट्रीटमेंटच्या शेवटच्या लांब टप्प्यात, मुलं रोज सिक्स एमपी हे औषध घेतात, युरोपातल्या मुलांमध्ये त्याचा डोस ठरवायला टीपीएमटी जीन बघतात, आपल्याकडे आणि पूर्व आशियात एनयूडीटी१५ या दुसऱ्या जीनमधला बदल जास्त महत्त्वाचा ठरतो, तो असलेल्या मुलाला पूर्ण डोस दिला तर पांढऱ्या पेशी धाडकन खाली येतात. ल्युकेमियाच हवा असंही नाही, गडचिरोली, नंदुरबारकडे सिकल सेल आहे, तिथे खूप काम बाकी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फॉलोअप. ही ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते आणि मध्येच सोडून जाणारी मुलं आपल्याकडे फार आहेत, भाडं नसतं, बापाचा रोज बुडतो, पोरगं चांगलं खेळायला लागलं की घरच्यांना वाटतं झालं बरं. माझ्या पहिल्या अभ्यासात एका मुलाच्या नावापुढे मी एकच फोन नंबर लिहिला होता, तो शेजाऱ्यांचा निघाला आणि शेजारी घर बदलून गेले, तो मुलगा कसा आहे हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तेव्हापासून मी तीन नंबर घेते, एक मामाचा किंवा काकाचा, एक गावातल्या आशाताईंचा, आणि प्रत्येक व्हिजिटला आईसमोरच लावून बघते. गोळ्यांचं पाकीटही आणायला सांगते, किती अर्ध्या उरल्यात ते दोघी मिळून टेबलावर मोजतो आणि तो आकडा त्याच दिवशी रजिस्टरमध्ये जातो.